नवव्या खुर्चीची तीन पानं

मिलिंद, रविवारी आम्ही तुझा खेळ पुरा खेळलो. पुरा म्हणजे तू लिहिला होतास तसा, नऊ जणांनी. टोकियोत निशिकासाईच्या आमच्या इमारतीतली सभेची खोली दुपारी एक ते सहा घेतली होती. सहाला खोली रिकामी करायची म्हणून केअरटेकर पावणेसहालाच दारात येऊन उभे राहिले, आणि उठायला कोणी तयार होईना. शेवटी तेच बूट काढून आत आले आणि पटाकडे बघत उभे राहिले. साडेसहाला त्यांनी विचारलं, "आता अध्यक्ष काय करणार?" अध्यक्ष मी होतो. मला काही सुचत नव्हतं. इतका वाईट हरत होतो आणि इतकी मजा येत होती, की मी त्यांना म्हटलं, तुम्हीच सांगा.

तुला हे सांगायची घाई झालीय. पण त्यासोबत आणखी एक गोष्ट सांगायची आहे, जी ऐकून तू मला घराबाहेर काढलं असतंस. दोन्ही एकाच दमात सांगतो. वर्षभर गप्प बसलो, आता आधी कुठलं आणि मग कुठलं याचा विचार करत बसत नाही. हे इथल्या मराठी मंडळाच्या अंकात छापून येणार आहे, तेव्हा तुला पाठ असलेल्या काही गोष्टी मला वाचणाऱ्यांसाठी सांगाव्या लागतील. कंटाळशील तू. तरी ऐक.

सगळं सुरू झालं जहाजापासून. मी क्लायंटच्या ऑफिसात दुपारचा डबा उघडत होतो आणि तुझा फोन आला. तू कुठल्या तरी जिन्यात उभं राहून बोलत होतास, आवाज घुमत होता.

"शेखर, गुलामवाल्यांचं जहाज योकोहामाला आलं होतं."

"कोणाचं?"

"अरे, अमेरिकेतल्या. दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली नव्हती का, गुलाम ठेवायचा हक्क जायला नको म्हणून? वेगळं सरकार, वेगळा झेंडा, चार वर्षं लढाई? त्यांच्या आरमाराने फ्रान्समध्ये चोरून लोखंडी जहाज बांधून घेतलं. इजिप्तसाठी बांधतोय म्हणून सांगायचे."

"मग?"

"मग ते जहाज अटलांटिक ओलांडून पोचेपर्यंत सरकारच संपलं. ऑर्डर देणारा क्लायंट गेला आणि डिलिव्हरी चालू. आपल्या प्रोजेक्टसारखं. पुढे ते अमेरिकेकडे गेलं, त्यांनी जपानला विकलं. आणि इथे पोचलं तेव्हा इथेही आपसात लढाई चालू. दोन्ही बाजूंना तेच जहाज हवं."

त्या शनिवारी तू मला योकोहामाच्या धक्क्यावर नेलंस. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. पाणी, फेरी बोट, फोटो काढणारी जोडपी. तू तासभर हातवारे करत होतास आणि माझी कॉफी गार होऊन गेली. मी मनात म्हणत होतो, याचं वेड चार आठवड्यांत उतरेल. दुसऱ्या आठवड्यात मीच पुस्तकं मागवायला लागलो.

तुला लढायांमध्ये रस नव्हता. सेनापती, घोडे, तलवारी यांची चित्रं असलेली पानं तू उलटून टाकायचास. तुला त्या सरकारचं ऑफिस कसं चालायचं हे हवं होतं. युद्धमंत्री इतक्या वेळा का बदलले. एखाद्या राज्याचा गव्हर्नर गोदामात गणवेश दाबून का ठेवतो आणि बाजूच्या राज्यातलं सैन्य फाटक्या कपड्यांत का लढतं. केंद्राची सत्ता नको म्हणून फुटलेल्या लोकांना सक्तीची सैन्यभरती कशी काय करावी लागते, आणि त्या भरतीतून वीस गुलामांमागे एका गोऱ्या माणसाला सूट कशी मिळते. आणि तुझी सगळ्यात आवडती गोष्ट: जे मालक मुलगे आनंदाने लढाईवर धाडायचे, तेच तटबंदी खणायला सरकारने गुलाम मागितले की आरडाओरडा करायचे. हे तू मला तोझाई लाइनच्या गाडीत इतक्या मोठ्याने सांगितलं होतंस, की समोरच्या बाईंनी डोळे उघडून आपल्याकडे बघितलं.

यातून तू खेळ काढलास. घरच्या घरी, जाड पुठ्ठ्यावर, मराठी अक्षरांत. उत्तरेचं सैन्य म्हणजे पत्त्यांची एक गड्डी, तिला खेळाडू नाही. आठ खुर्च्या, आणि आठही त्या दक्षिणेच्या सरकारात: अध्यक्ष, युद्ध, तिजोरी, आरमार, रसद, टपाल आणि दोन राज्यांचे गव्हर्नर. सगळे एकाच बाजूचे, तरी दर फेरीला एकमेकांचे गळे धरणारे. पटावर प्रत्येक राज्यात तू कापलेले लाकडी ठोकळे. ते ठोकळे असतील तिथे शेत पिकतं, खंदक खणला जातो, रुळ दुरुस्त होतात.

बँकेच्या पोस्टिंगवर आलेली आपली रेवती नेहमी गव्हर्नर व्हायची, आणि कापडावर बसून राहायची.

"रेवती, सैन्य उघडं पडलंय. कापड सोड."

"माझ्या राज्याची मुलं आधी."

"अगं, राजधानी पडली तर तुझं राज्य राहील का?"

"लेखी पाठवा. विचार करते."

टपाल खात्यावर आओकी-सान. तुझे उरायासुचे शेजारी, सगळा जन्म टपाल खात्यात गेलेले. त्यांना मराठी एकच शब्द यायचा, 'चालेल'. सगळं सरकार कोसळत असायचं आणि आओकी-सान मान डोलावून पत्रं पोचवत असायचे. "खरंही असंच होतं," तू त्यांना जपानीत सांगायचास, "टपाल शेवटपर्यंत चालू होतं." ते इतके खूश व्हायचे, जसं काही स्वतःच पोचवून आलेत.

आणि अध्यक्ष मी. ती खुर्ची मला का दिलीस हे मी कधी विचारलं नाही. तू म्हणायचास, "याचा चेहरा बघा, याला कोणी शिव्या देऊ शकत नाही."

मग तो दिवस आला. वहिनी तुमच्या घरी आम्हाला चहा द्यायला आल्या, पटाकडे बघत थांबल्या आणि म्हणाल्या, "हे ठोकळे म्हणजे कोण?"

"गुलाम," तू म्हणालास.

"ते कोण खेळतं?"

"कोणी नाही गं. ते साधन आहे. लोखंड, धान्य, तसं."

वहिनींनी रसदखात्याचं कार्ड उचललं, वाचलं, परत ठेवलं. "साधनाला जेवायला लागत नाही. इथे तर तू त्यांचा शिधा धरलायस."

रेवती हसली आणि मग थांबली. त्या दिवशी खेळ अर्ध्यावर राहिला. तीन आठवडे तू फोन उचलला नाहीस, आणि मग आलास तो तीन पानं घेऊन. नववी खुर्ची. तिला पत्ते नाहीत, पैसा नाही, वेगळं साहित्य नाही, फक्त कागद आणि पेन्सिल. दर फेरीला नववा खेळाडू प्रत्येक राज्यासाठी एक शब्द गुपचूप लिहितो: थांबा, हळू, किंवा निघा. 'निघा' लिहिलं की तिथले ठोकळे पटावरून निघून जातात. बाकीचे आठ त्याला काही विचारू शकत नाहीत. त्यांनी त्याच्यासमोर काय बोलायचं आणि काय नाही, हेही त्यांचं त्यांनीच ठरवायचं.

"फासा का नाही टाकायचा?" मी विचारलं होतं. "सोपं होईल."

"फाशाला कळत नाही कधी निघायचं ते. माणसाला कळतं."

"पण मग आठ जण कधीच जिंकणार नाहीत."

"त्यांना हरायचंच आहे शेखर. ते कोणामुळे हरतात, एवढंच बघायचंय."

आपलं भांडण तिथेच अडकून राहिलं; नववा माणूस बसवून आपण कधी खेळलोच नाही. मी म्हणायचो, उत्तरेकडे कारखाने होते, माणसं होती, रेल्वे होती, त्यांच्यापुढे कोण टिकणार. तू म्हणायचास, ते सगळं खरं, पण घराच्या आतून कोणी उठून चाललं होतं की नाही? मी "बघू" म्हणून विषय टाळायचो. तुला वाटायचं मी विचार करतोय.

आता ते सांगतो.

गेली वीस वर्षं मी या देशात ब्रिज एसई म्हणून काम करतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एका बाजूला जपानी क्लायंट, एका बाजूला पुण्यातली टीम, आणि मधे भाषांतर करणारा मी. क्लायंट चिडला की मी पुण्याला सांगतो, त्यांना थोडी काळजी वाटतेय. पुण्याने कपाळावर हात मारला की मी क्लायंटला सांगतो, आम्ही मनापासून प्रयत्न करतोय. दोन्हीकडचे लोक माझ्यावर खूश असतात. जे अडचणीचं असेल ते मधल्या मधे काढून टाकायचं, आणि कोणाला कळू द्यायचं नाही, याला मी कौशल्य समजत आलो.

तू खेळ जपानीत छापून बोर्डगेमच्या मेळ्यात मांडायचं ठरवलंस. तू बोलायचास फाडफाड, पण कांजी अक्षरं वाचायची म्हणशील तर कोनबिनी दुकानांतल्या पाट्यांपुरती. नियमपुस्तिका माझ्याकडे आली. छापखान्याला पानं चारच्या पटीत लागतात. आठ खुर्च्यांचे नियम बरोबर वीस पानांत बसत होते. नववी खुर्ची धरली की तेवीस, म्हणजे चोवीस, म्हणजे पुन्हा मांडणी. मुदत दोन दिवसांवर होती. मी ती तीन पानं काढून टाकली आणि फाइल पाठवली.

तुला सांगितलं नाही. पेटीवर आठ जणांचा खेळ असं आधीच छापलेलं होतं आणि तू हसून म्हणाला होतास, "आठच राहू देत. नववा आत सापडेल." तो आत नव्हता मिलिंद.

कित्येक महिने मी स्वतःला चारच्या पटीचं कारण दिलं. नंतर दुसरं दिलं, की हमखास हरणारं सरकार कोण विकत घेणार. दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही खोटी आहेत. खरं हे, की मला अध्यक्षाची खुर्ची आवडायला लागली होती. चहूकडून घेरलेलं, फाटकं, एकमेकांशी भांडणारं ते आठ जणांचं सरकार मला आपलं वाटायला लागलं होतं. शनिवारभर मी त्याला वाचवत असायचो. नववी खुर्ची कागदावर आली आणि मी काय वाचवतोय ते जणू समोर बसून माझ्याकडे बघायला लागलं. मला ते नको होतं. मला जिंकायचं होतं. पुठ्ठ्यावर, लाकडी ठोकळ्यांनी, पण माणसं विकणाऱ्यांचं सरकार मला जिंकवायचं होतं, आणि त्यासाठी मी तुझी तीन पानं फाडली.

मेळ्याच्या दिवशी तुझ्या प्रोजेक्टचं रिलीज आलं, म्हणून टेबलावर रेवती आणि मी बसलो. पेट्या दुपारी चारलाच संपल्या. तुला फोन केला तेव्हा तू सर्व्हर रूमच्या बाहेर होतास आणि "सगळ्या?" असं तीनदा विचारलंस.

मग खेळणाऱ्यांची मेल यायला लागली. ती मी मराठीत करून तुला वाचून दाखवायचो. क्योतोहून मोरी-सान नावाच्या एका पीएचडी करणाऱ्या मुलीने लिहिलं: चौथ्या डावात आमच्याकडे दक्षिणेचं सरकार टिकलं, फार मजा आली. मी ते वाचलं आणि पुढच्या मेलकडे वळलो. तू मला थांबवलंस.

"टिकलं? कसं टिकलं?"

"चांगले खेळले असतील."

"चांगलं खेळून नाही टिकत ते. नववा काय करत होता?"

तू घरी गेलास आणि प्रोग्राम लिहिलास. हजारो डाव त्यात चालवलेस. आठवड्याने मला म्हणालास, एकच शक्यता निघते: नवव्या खुर्चीवरचा माणूस प्रत्येक फेरीला 'थांबा' लिहितोय. सांगताना तुझा चेहरा फुलला होता. "का लिहितो तो तसं? त्याला कोणी अडवत नाहीये. शेखर, मोरी-सानला विचार ना."

तेव्हा सांगायचं होतं. तू माझ्या समोर, हातभर अंतरावर होतास. मी "विचारतो" म्हटलं, आणि तिला विचारलं नाही. दोन दिवसांनी ऑफिसला जाताना गाडीत मी एक वाक्य तयार केलं आणि तुला तिचं म्हणून सांगितलं: आपण उठून गेलो तर बाकीच्यांचा खेळ मोडेल असं वाटलं, म्हणून थांबलो.

तू ते वाक्य वहीत लिहून घेतलंस. त्यावर मंडळाच्या दिवाळी अंकात चार पानांचा लेख लिहिलास, जपानी खेळाडू मोकळं दार असूनही का बसून राहतात यावर. लोकांनी वाखाणला. दिवाळीच्या कार्यक्रमात त्यावर चर्चा झाली, कोणी शिस्तीवर बोललं, कोणी ऑफिसातल्या आपल्या साहेबांच्या गोष्टी सांगितल्या. मी मागे उभा राहून प्लेटा लावत होतो. अंक ज्यांच्या घरी आहे त्यांना विनंती, तो लेख काढून त्यावर लिहा: यातला पुरावा शेखरने बनवलेला आहे. मोरी-सानने असं काही म्हटलं नव्हतं. तिच्या पेटीत नववी खुर्चीच नव्हती. मिलिंदचं गणित बरोबर होतं, पहिल्यापासून.

मी सांगणार होतो, नव्या वर्षात, निवांतपणे. तू फेब्रुवारीत एका सकाळी स्टेशनला निघालास आणि पोचला नाहीस.

तेराव्यानंतर वहिनींनी मला लॅपटॉप बघायला बोलावलं. त्यात एक फोल्डर होता, 'नववा का थांबतो'. एकोणीस फाइली. शेवटची तू गेलास त्याच्या आदल्या दिवशीची. त्यात तू स्वतःचेच आकडे पुन्हा पुन्हा तपासले होतेस आणि खाली लिहिलं होतंस, माझंच काहीतरी चुकतंय. मी ते मोठ्याने वाचलं आणि मग वहिनींना सगळं सांगून टाकलं. बोलायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

त्यांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाल्या, "भावजी, याने जानेवारीत मला विचारलं होतं, मी मूर्ख आहे का गं. मी म्हटलं, जेवून घे."

"वहिनी, मी..."

"माफी मागू नका. ती मी द्यायची नाही. लेख त्याच्या नावाने छापलाय, तुमच्या नाही. पुढच्या अंकात तुम्ही लिहा. आडून नाही, सरळ. आणि ती पानं लोकांना पाठवा." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि ती खुर्ची कशी खेळायची ते मला शिकवा."

मी त्याच आठवड्यात तीन पानं जपानीत केली. तुझं मराठी वाक्य तुटक होतं तिथे जपानीही तुटक ठेवलं. प्रत्येक मेलसोबत लिहिलं, ही पानं लेखकाने दिली होती, भाषांतरकाराने न सांगता काढली, तो भाषांतरकार मी. मोरी-सानला वेगळं पत्र लिहिलं, तिच्या तोंडी काय घातलं होतं ते सांगून. असलं पत्र मी आजवर क्लायंटसाठी शंभर वेळा लिहिलंय. स्वतःसाठी लिहिताना मला माफीचे साधे शब्द आठवेनात.

आणि मग हा रविवार. मिलिंद, काय सांगू. वहिनी नवव्या खुर्चीवर. समोर कागद, हातात पेन्सिल, चेहरा तुमच्या घरच्या भिंतीसारखा. पहिल्या फेरीला सगळीकडे 'थांबा'. दुसऱ्या फेरीलाही. रेवती कुजबुजली, "या काही करत नाहीयेत." मला जरा हायसं वाटलं, हेही सांगतो. मग मी खंदकासाठी रेवतीकडे ठोकळे मागितले.

"मिळणार नाहीत," रेवती म्हणाली. "माझं पीक कोण काढणार?"

"तुझा मुलगा दिलास ना सैन्यात? मग हे दे."

"मुलगा दिला. हे मागू नका."

हे आम्ही पूर्वी पन्नास वेळा खेळलो असू. पण तेव्हा समोर कोणी बसलेलं नसायचं. या वेळी आम्ही दोघं बोललो आणि एकदम आमच्या लक्षात आलं, की वहिनी ऐकताहेत. रेवतीने आवाज खाली आणला. त्यानंतर आठही जण कुजबुजायला लागले. स्वतःच्याच पटावर, स्वतःच्याच राज्यात. रसदवाला मला कागदावर लिहून विचारायला लागला. आरमार आणि तिजोरी बाहेर व्हरांड्यात जाऊन बोलून आले. तुझ्या तीन पानांत हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि ते घडलं.

तिसऱ्या फेरीला वहिनींनी कागद उलटा केला. रेवतीच्या राज्यात 'निघा'. ठोकळे गेले. शेत थांबलं, खंदक अर्धा राहिला आणि पहाऱ्यासाठी रेवतीला सैन्यातून माणसं परत बोलवावी लागली. शेजारच्या राज्यात अजून काही झालं नव्हतं, तरी तिथल्या गव्हर्नरने भीतीनेच माणसं काढून घेतली. उत्तरेचा एकही पत्ता उलटला नव्हता आणि माझी फळी अर्धी झाली होती. मी पटाकडे बघतच राहिलो. आपलं अडकलेलं भांडण तिथे पटावर पडलं होतं, आणि तू जिंकला होतास, आणि हे माझ्याकडून कबूल करून घेऊन मला चिडवायला तू नव्हतास. पण पुढची फेरी सुरू झाली होती आणि आओकी-सान माझ्याकडे पत्र सरकवत म्हणत होते, "चालेल?"

पाचव्या फेरीत संपलं. वहिनींनी पेन्सिल खाली ठेवली, बोटं मोडली आणि म्हणाल्या, "परत एकदा लावा."

काल मोरी-सानचं उत्तर आलं. माझ्या माफीबद्दल एकच ओळ, वाचलं म्हणून. मग सरळ प्रश्न. त्यांनी तीन पानं घेऊन डाव मांडला, आणि चौथ्या फेरीअखेर पटावर एकही ठोकळा उरला नाही. आता नववा खेळाडू उठतो का? नियमात दिलेलं नाही.

मी तीन पानं बघितली. तुझ्या एकोणीस फाइली बघितल्या. कुठेच नाही. बोटं सवयीने चालली, "उठतो" असं लिहिलंही. मग पुसलं. लिहिलं, लेखकाने याबद्दल काही लिहिलेलं नाही, आता ते नाहीत, आणि मला माहीत नाही. वीस वर्षांत क्लायंटला असं उत्तर मी कधी दिलं नव्हतं. पाठवून जरा बसून राहिलो.

आज दुपारी तिचं पुन्हा मेल. पट त्यांनी उचलला नव्हता. नवव्या खुर्चीवर तिची एक मैत्रीण होती, ती उठायला तयार नव्हती. तिने पेटीतून सगळे ठोकळे काढले, उत्तरेच्या गणवेशासारखे निळ्या पेनने रंगवले आणि पटाच्या वरच्या कडेने, उत्तरेकडून, परत आत आणले. कारण खरंही तसंच झालं होतं, निघून गेलेल्यांपैकी कितीतरी जण उत्तरेच्या सैन्यात भरती होऊन बंदूक घेऊन परत आले होते. असं खेळलं तर चालेल का, असं मोरी-सानने विचारलं.

मी ऑफिसात उभाच राहिलो. शेजारच्यांनी विचारलं, काही झालं का. मिलिंद, वाचलेलं तर आपण दोघांनीही होतं. पण दोन वर्षं आपण निघून गेलेले ठोकळे पेटीतच जाणार असं धरून चाललो होतो, कारण आपण सगळं त्या आठ मंत्र्यांच्या खिडकीतून बघत होतो. तूसुद्धा. यावर तू मला किती बोलला असतास, आणि रात्रीतून किती डाव चालवून बघितले असतेस.

तिला मी "चालेल" असं कळवलं नाही. मी परवानगी देणारा कोण. रविवारी आम्ही तसं खेळून बघतो आणि काय होतं ते सांगतो, एवढं कळवलं. नियम मराठीत उतरवून ठेवलाय, वेगळ्या कागदावर, वर त्या मैत्रिणीचं नाव, खाली भाषांतर म्हणून माझं. तो तुझ्या पानांच्या मागे टाचून पेटीत ठेवलाय. तुझ्या तीन पानांतला एक शब्दही मी बदललेला नाही.